काजळ्याच्या आईचं कुंकू

"मेला न्हाई त्यो," आई म्हणाली.

मी वाचायची थांबले. रविवारची दुपार होती. आई लसूण सोलत बसली होती आणि साताऱ्याच्या स्टँडवर घेतलेला 'काजळ्या'चा नवा अंक मी तिला वाचून दाखवत होते.

"अगं, इथं स्पष्ट लिहिलंय. 'काजळ्याचा पिता रणात पडला, माता विधवा झाली.' दर अंकात पहिल्या पानावर हेच असतं."

"लिहिणाऱ्याला काय जातंय? मढं दावलंय का कुठं? घोडं खिंडीत गेलं, धूर झाला, आन् ह्यो म्हणतोय पडला. पडला तर उठंल की."

"आई, ही चित्रकथा आहे."

"व्हय ना? मग चित्रं बघ की. तू आपली अक्षरंच बघतीस." तिने अंक माझ्याकडून ओढून घेतला आणि माझ्या नाकापुढे धरला. "ही काजळ्याची आई. हिच्या कपाळाला काय हाय?"

आतली पानं काळ्या शाईची असत. दारात उभ्या असलेल्या त्या बाईच्या कपाळावर एक काळा ठिपका होता.

"गोंदण आहे."

"गोंदण हाय तर हनुवटीला कुठं हाय? गालाला कुठं हाय? कुंकू हाय त्ये. नवरा मेलेल्या बाईला कुणी कुंकू काढंल व्हय?"

"चित्रकार चुकला असेल."

"चित्रकार न्हाई चुकला. मास्तर चुकलाय," आई म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

मास्तर म्हणजे नाथाजी मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन शिराळ्याकडे राहणाऱ्या या माणसाने काजळ्या लिहिला, आणि बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला आमच्या भागात काजळ्या न वाचलेला माणूस सापडणं कठीण होतं. तोंडाला काजळ फासून घाटात हिंडणारा, सावकाराचे वाडे फोडणारा, पोरका काजळ्या. माधवनगरच्या मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे भाकरी हातात धरून ऐकायचे. मास्तरांचा सांगलीत हत्तीवरून सत्कार करावा असंही कुणीतरी सुचवलं होतं. हत्ती मिळाला नाही म्हणून ते राहून गेलं. अशा माणसाला स्वतःची गोष्ट नीट कळलेली नाही, असं म्हणणारी साऱ्या मिलमध्ये आई एकटी होती. तिला वाचता येत नव्हतं, ही गोष्ट तिला या वादात कधीच अडचणीची वाटली नाही.

ती मिलमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर कापसाचा भुरका असायचा. तोंड धुवायची, आरशापुढे बसायची, बोटाने कपाळावर मेण लावायची आणि त्यावर मोठं, गोल कुंकू. मग चहा.

माझे वडील, आबा, सैन्यात होते. पासष्टच्या लढाईत ते बेपत्ता झाले. पहिल्या कागदात 'बेपत्ता' होतं. पुढे केव्हातरी दुसरा कागद आला, त्यात 'मृत समजण्यात येत आहे' असं होतं. मी तो वाचून दाखवला. आईने विचारलं, "समजण्यात येत हाय म्हंजी?"

"म्हणजे मेले असं धरून चालायचं."

"कुणी चालायचं?"

मी कागदाची घडी घातली. त्यानंतर सरकारी कागदावर ती विधवाच होती. तिथे ती मुकाट्याने अंगठा द्यायची. "सरकारची अक्षरं सरकारपाशी," म्हणायची. घरी आली की पुन्हा मेण, कुंकू, चहा.

लोक वाईट नव्हते. फक्त काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. चाळीत हळदीकुंकू असलं की आईला बोलावणं यायचं, पण ताट तिच्यापर्यंत आलं की बाई घुटमळायची. आई कधी पुढे सरकली नाही. ताट आलं तर कपाळ पुढे करायची. थांबलं तर, "बघू, चा झाला का," म्हणून उठून स्वयंपाकघरात जायची, आणि सगळ्यांसाठी चहा गाळायची.

तिला स्पष्ट बोलणारी एकच होती, हरणाबाई आत्या. आबांची थोरली बहीण. तिचे यजमान ऐन तरुणपणी विहिरीच्या कामावर अपघातात वारले होते आणि तेव्हापासून ती कुंडलला दिराच्या घरी राहून शेत बघायची. काकवीची कळशी घेऊन यायची आणि टेकायच्या आधीच सुरू व्हायची.

"शाले, किती दिस असं मिरवणार हाईस?"

"मिरवतीय कुठं वन्सं? लावतीय."

"माझाच भाऊ हाय गं त्यो. मला काय ग्वाड वाटतंय व्हय? पर चारचौघीत लोक बोलत्यात."

"बोलू द्या. तुमी पाय धुवा आदी."

आत्या पाय धुवायची. एकदा चुलीपुढे बसून ती माझ्याकडे बघत म्हणाली होती, "मला कुणी इचारलं न्हाई, लिले. मढं दारात आणून ठिवलं आन् सासूनं पदरानं कपाळ पुसलं. झालं." आईने आत्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मी तोवर साताऱ्याला शाळेत मराठी शिकवायला लागले होते. पंचाहत्तरच्या स्नेहसंमेलनाला नाथाजी मास्तर पाहुणे म्हणून येणार असं ठरलं आणि नेमकी त्याच आठवड्यात आई माझ्याकडे राहायला आली. मी तिला म्हटलं, "आई, तू ये, पण तिथं काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? मला काय कळतंय," ती म्हणाली. तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

भाषणं झाली. चहाच्या वेळी मास्तर खुर्चीवर बसले होते. बारीक चणीचा, खादीच्या टोपीचा माणूस, मुलांच्या वह्यांवर सह्या करून हात दुखावलेला. आई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आवं मास्तर, एक इचारू का?"

"विचारा की बाई."

"काजळ्याचा बाप मेला त्ये तुमी बघितलं का?"

आमचे हेडमास्तर चहा पिता पिता ठसकले. मास्तर मात्र हसले. "मी लिहिलंय बाई. बघायचं काय त्यात?"

"मग त्याच्या आईच्या कपाळाला कुंकू कसं?"

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला, समोरच्या मुलाच्या हातातला अंक घेतला आणि पहिलं पान निरखून पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले. "चित्रकार मुंबईला असतो. मी इथून लिहून पाठवतो. त्याला वाटलं असेल, बाई म्हणजे कुंकू आलंच. चूक आहे ही. बरं झालं सांगितलंत, पुढच्या अंकापासून काढायला सांगतो."

आईचा चेहरा एकदम उतरला. मास्तरांना ते दिसलं असावं. त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हळूच म्हणाले, "आबा पासष्टच्या लढाईत..." आणि थांबले.

मास्तरांनी अंक मिटला. मग आईला म्हणाले, "बाई, गोष्टीला पोरका पोरगा लागतो. बाप असला की पोरगं घाटात कशाला हिंडेल? म्हणून मी त्याला मारला. दुसरं कारण नाही."

"हिंडतंय की," आई म्हणाली. "बाप हुडकायला हिंडंल."

मास्तर खळखळून हसले. "हे मात्र मला सुचलं नाही हो."

त्यांनी पुढे बाप जिवंत केला नाही. पण ठिपका काढायलाही सांगितलं नसावं, कारण तो तसाच छापून येत राहिला. आई दर नव्या अंकात तो आधी बघायची आणि मग मला म्हणायची, "हं, वाच आता."

पुढच्या वर्षी काजळ्याचा सिनेमा आला. कोल्हापुरात तयार झालेला. सिनेमावाल्यांनी शेवटच्या रिळात काजळ्याच्या बापाला परत आणला. त्यावरून मोठा गहजब झाला. मास्तरांनी वर्तमानपत्रात लिहिलं की माझ्या कथेचा खून झाला आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही तेच मत होतं, आणि माझंही. लेखकाने जे मारलं ते सिनेमाने जिवंत करू नये, असं मी पुष्कळ पुस्तकं वाचून ठरवलं होतं. मिलमधले लोक मात्र पुन्हा पुन्हा जात होते. बाप दारात येतो तेव्हा थेटरात पैसे उधळले जात, असं ऐकू येत होतं.

आत्या मुद्दाम कुंडलहून आली. "चल शाले, तुझ्या मनासारखं झालंय बघ. आला एकदाचा त्याचा बाप." तिने हे टोमण्यासारखं म्हटलं, पण तिकिटं तिनेच काढली.

सांगलीच्या थेटरात आम्ही तिघी बसलो. आई मध्ये. शेवटी दाढी वाढलेला बाप दारात आला, काजळ्याची आई आरतीचं तबक घेऊन धावली, वाद्यं वाजली. बाप म्हणाला, "माझा लेक कुठाय?" लोकांनी शिट्ट्या मारल्या. आत्या डोळ्यांना पदर लावून हुंदके देत होती. मी आईकडे चोरून पाहिलं. ती सरळ बसली होती, समोर बघत.

बाहेर येऊन आम्ही भडंग घेतलं आणि माधवनगरच्या बसची वाट बघत उभ्या राहिलो. आत्याने नाक पुसत विचारलं, "कसा वाटला?"

"न्हाई पटला."

"आता गं बया! आला की त्यो."

"आला. आन् पयलं काय इचारलं? लेक कुठाय. ती बाई एवढी वर्सं काय करत हुती, कशी ऱ्हायली, एका शब्दानं इचारलं न्हाई. तबक घिऊन तयारच. जसा काय त्यो घरामागल्या परड्यातनं आल्यागत." आईने भडंगातला एक शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. "आन् असं येत न्हाईत, वन्सं. मला ठावं हाय."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मीही. ते वाक्य आईने इतक्या साध्या आवाजात म्हटलं होतं की आम्हाला ते पुरतं ऐकू यायला वेळ लागला.

"मग शाले," आत्या हळूच म्हणाली, "मास्तरानं मारला तर तुला चालंना. ह्यांनी आणला तर पटंना. तुला पायजे तरी काय?"

"काय नगं. मारू बी नका आन् आणू बी नका." आईने पदर डोक्यावरून सारखा केला. "हाय तसं ऱ्हाऊ द्या."

बस आली. आत्याने तिचा हात धरून तिला वर चढवलं. त्या दिवसानंतर आत्याने कुंकवाचा विषय काढला नाही. काकवी मात्र आणत राहिली.

आई अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षात गेली. कामावरून आली, तोंड धुतलं आणि तिथेच बसली ती उठली नाही. निरोप मिळून मी साताऱ्याहून पोहोचले तेव्हा आत्या येऊन बसली होती. आईला न्हाऊ घातलं होतं. कपाळ धुतलेलं होतं. तिचं मोकळं कपाळ मी त्याआधी कधी नीट पाहिलं नव्हतं. बाकीच्या चेहऱ्यापेक्षा मधे थोडं उजळ.

चाळीतल्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. बयाबाई कुंकवाचा करंडा हातात धरून मधोमध उभी होती. तीही कांड्या भरायच्या खात्यातली, आईच्या शेजारच्या मशीनवरची. सवाष्ण गेली तर हिरवं लुगडं आणि कपाळभर मळवट. नाही तर नाही. यात मधलं काही नसतं. बायका माझ्याकडे बघत होत्या.

"आक्का, काय करायचं?" बयाबाईने शेवटी आत्याला विचारलं. "मी लावलं आसतं वो. माझी मैतरीण हुती. पर माझ्या घरात मालक हाय. उगं काय झालं बिलं तर..." ती रडायला लागली.

कुणीच तिला दोष दिला नाही.

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. "दे हिकडं," ती म्हणाली. "माझं काय जायचं ऱ्हायलंय?"

बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "हरणे, तुझा हात..." आत्याने मागे वळून पाहिलं नाही. "लिले, तिचं मिलवर जायचं लुगडं आण. धुतल्यालं."

मी आणलं. आम्ही दोघींनी ते नेसवलं. मग आत्या आईच्या उशाशी बसली. तिने आधी मेण लावलं, आई लावायची तसं, जरा चोळून. करंड्यात बोट बुडवलं. मळवट भरला नाही. कपाळाच्या मधोमध एकच, मोठं, गोल. ते नीट गोल व्हायला तिला वेळ लागला; सवय राहिली नव्हती. कडा सारखी करून ती थोडी मागे झाली, मान कलती करून तिने पाहिलं आणि म्हणाली, "हां."

आईला नेलं. मागे राहिलेल्या बायका एकेक करून नळावर आल्या आणि हातपाय धुऊन आपापल्या खोल्यांकडे गेल्या. आत्या सगळ्यात शेवटी आली. मी तांब्याने पाणी घातलं. तिने पाय धुतले, डाव्या हातानेच तोंडावर पाणी मारलं, डाव्या हातानेच पदराने पुसलं. उजवा हात तिने बाजूला धरला होता, पाण्यापासून लांब, आणि त्याचं एक लाल बोट जरा वर उचललेलं होतं.