मी किंचाळत होते तेव्हा

मित्रांनो, रस्त्याच्या कडेला खांबाखाली उभी असलेली ती जुनी लाल गाडी दिसते ना? लाल कसली, उन्हानं पार विटलेली. तीच मी. स्वभावानं मी पहिल्यापासून भित्री. शेजारून ट्रक गेला तरी माझ्या काचा थरथरतात. पण आज सांगणार आहे ती भीती ट्रकची नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. आईनं मला पसंत केलं. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणते. मला चालवते तीच. बाबांना गाडी चालवता येत नाही, पण सूचना करायला फार आवडतं. त्यांची छकुली पहिल्यांदा शाळेत गेली ती माझ्याच मागच्या सीटवर, भोकाड पसरून.

माझी सगळी दुखणी मास्तरांना ठाऊक होती. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे म्हातारे मेकॅनिक. त्यांचा हात बॉनेटवर पडला की मला हायसं वाटायचं. पण त्यांची नजर अधू झाली, गॅरेजला कुलूप लागलं आणि ते लेकीकडे राहायला गेले. नेमकी तेव्हाच माझी मोठी सर्व्हिसिंग आली. आता मला उघडणार कोण?

पहिल्या गॅरेजात काचेचं ऑफिस होतं. तिथल्या माणसानं माझं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. लांबूनच म्हणाला, "बाई, इंजिन उतरवावं लागेल. गाडी ठेवून जा." कोपऱ्यात माझ्यासारखीच एक गाडी उभी होती. दिवे काढलेले, सीट काढलेल्या, आतून नुसती पोकळ. माझी तर बोबडीच वळली. आईनं किल्ली मुठीत घट्ट धरली आणि मला तिथून बाहेर काढलं.

दुसरा होता बाबांच्या मित्राचा मेहुणा. "घरचाच माणूस आहे," बाबा म्हणाले. या घरच्या माणसानं कानाला फोन लावून माझं तेल बदललं, मला धुतलं, आत सुवासिक फवारा मारला आणि सांगितलं, "गाडी एकदम टकाटक!" चाकांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या पुढच्या चाकांचे ब्रेक तर पार झिजत आले होते.

आम्हा गाड्यांना तोंड नसतं, मित्रांनो. पण चाकाला आवळून धरणाऱ्या ब्रेकच्या पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड झिजले की ती चाकातल्या चकतीला घासते आणि किंचाळते. तीच आमची हाक. मी प्रत्येक वळणावर किंचाळत होते. "अगं, बघ ना माझ्याकडे!"

"पुन्हा कुणाला तरी दाखवू या का?" आई म्हणाली.

"कुणाला? एक लुटायला बसलाय, दुसरा म्हणतो गाडी चांगली आहे. थांब, मीच बघतो."

कुरकुर केली की तेल घालायचं, ही बाबांची सवय. दाराला, पंख्याला, शिलाई मशीनला. सुट्टीच्या दिवशी ते तेलाची डबी घेऊन शिट्टी वाजवत आले, पुढच्या चाकांपाशी उकिडवे बसले आणि फटीतून नळी घालून त्यांनी माझ्या ब्रेकवर तेल सोडलं.

नको हो बाबा, नको! ब्रेकनं घट्ट धरायचं असतं. तेलानं बरबटला की तो धरणार कसा? मी ओरडायला गेले, तर आवाजच फुटेना.

"बघ, गप्प बसली की नाही!" मला जरासं ढकलून बघत बाबा खूश झाले.

दुसऱ्या दिवशी आई छकुलीला घेऊन निघाली. शाळेच्या अलीकडे मोठा उतार आहे आणि खाली मुलं रस्ता ओलांडतात. आईनं ब्रेक दाबला. मी चालतच राहिले. आईनं पाय पार खाली रोवला. पुढचे ब्रेक नुसते सुळसुळत होते. मागच्या चाकांनी तेवढं जिवाच्या आकांतानं धरलं होतं.

"आई गं!" छकुली ओरडली. आईनं हॉर्न दाबून ठेवला, हँडब्रेक ओढला आणि मला कडेच्या वाळूच्या ढिगात घातलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आईला किती तरी वेळ दार उघडता आलं नाही.

मला दोरानं ओढत जवळच्या गॅरेजात नेलं. ते एका ताईंचं होतं. बाबाही धावत आले. ताईंनी चाक काढलं, ब्रेकवर बोट फिरवलं आणि विचारलं, "तेल आतून गळतंय, की बाहेरून पडलंय? खरं सांगा. नाहीतर मला सगळं उपसत बसावं लागेल."

मी मनात म्हटलं, बोला हो बाबा, माझ्यासाठी बोला!

"मीच घातलं," ते शेवटी म्हणाले. "आवाज करत होती."

ताई हसल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. मग दिवा घेऊन त्यांनी मला खालून-वरून तपासलं आणि आईला जवळ बोलावून दाखवलं. "हे पॅड बदलायचे. चकत्या साफ करून चालतील. इंजिन चांगलं आहे, त्याला उगाच हात लावायचा नाही."

काम झालं. आईनं किल्लीसाठी हात पुढे केला, तर ताई म्हणाल्या, "आधी मी एकटी त्या उतारावरून जाऊन येते. तुम्ही नंतर बसा."

उतार दिसला आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. ताईंनी ब्रेक दाबला. मी थांबले! भर उतारावर, जागच्या जागी. मला रडूच आलं.

ताई आता माझ्या मेकॅनिक आहेत. मित्रांनो, असं माणूस मिळायला वेळ लागतो. मिळालं की त्याच्यापासून काही लपवू नका. आणि आम्ही किंचाळलो तर आधी बघा, आम्हाला काय होतंय. मला गप्प करायला थोडंसं तेल पुरलं होतं. पण उताराखाली तुमच्याएवढी मुलं रस्ता ओलांडत होती.