उलटा ठेवलेला दगड

मी दगडावरून बोलतोय, आणि घोटाळा इथेच आहे. माझी जागा दगडाखाली.

मी खडकातला मासा, जेमतेम बोटभर. अंगावर एक खवला नाही, नुसता बुळबुळीतपणा. चेहऱ्याबद्दल न बोललेलंच बरं. पण या ओल्या चिकट कातडीमुळेच ओहोटीला पाणी गेलं तरी मी थोडा वेळ तग धरतो.

आमच्यात पोरं बाप सांभाळतो. आई दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवून गेली, त्याला अठरा दिवस झाले. तेव्हापासून मी धड जेवलेलो नाही. परांनी पाणी हलवत राहायचं, नासलेलं अंडं तोंडाने उचलून फेकायचं, खेकडा आला की तोंड वासून वाटेत आडवं व्हायचं. मोठमोठे खेकडे आले, पण मी जागेवरून हललो नाही. परवापासून प्रत्येक अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागलेत. आणखी दोन दिवसांत पोरं पोहायला लागली असती.

आज सकाळी ओहोटीला मासे मोजणाऱ्या बाई आल्या, सोबत त्यांचे मदतनीस काका. काकांनी दगड उलथला. बाईंनी मला पट्टीवर ठेवलं.

"काका, अंडी बघा. बाप राखण करतोय."

"आमच्याकडे उलटं हो. मी नुसता पेपर वाचायचो."

बाई हसल्या, मला अलगद डबक्यात सोडलं. माणसं वाईट नव्हती. पण निघताना काकांनी दगड ठेवला तो तसाच, पोट वर करून. बाई वहीत लिहीत होत्या. माझी सगळी पोरं उन्हात.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. जीव मुठीत धरावा, तर मला मूठही नाही. डबक्यात अंग भिजवायचं, उडी मारून दगडावर यायचं, अंड्यांवर लोळायचं, परत डबक्यात. ही सातवी खेप.

"मॅडम, तो बघा, ऊन खातोय," काका लांबून म्हणाले.

"गंमतच आहे," म्हणत बाईंनी तेही लिहून घेतलं.

भरतीला अजून तीन तास आहेत. कडेची अंडी पांढरी पडली, त्यांच्यातले डोळे आता दिसत नाहीत. मधली अजून हलतायत. माझी कातडी ताणायला लागलीय, पुढच्या खेपेला उडी जमेल की नाही, ठाऊक नाही.

बाई, वही मिटा. दहा पावलं मागे या. एका हाताचं काम आहे, दगड फक्त पालथा करा. मी कुणासाठी हललो नव्हतो, पण तुमच्यासाठी बाजूला होतो.