उपसा शहराचं कोठार

टेबलावर आठ वस्तू होत्या: लॅपटॉप, माऊस, माझी वही, दोन पेनं, स्टॉपवॉच, बाबांच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणि पारदर्शक फोल्डरमधला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. डबीचे पाच कप्पे रिकामे होते. अर्ज सही सोडून पूर्ण भरलेला होता. पडद्यावर बाबांची सहा शहरं, अकरा सैनिक, तिजोरीत एकशे तेहेतीस नाणी. माझी सात शहरं, चौदा सैनिक आणि नदीच्या अलीकडे उभे केलेले पाच घोडेस्वार. पंचवीस खेळ्या झाल्या होत्या, पंधरा बाकी होत्या. वहीत बाबांच्या नावापुढे दोन चुका होत्या.

दुपारचा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. अर्ज पाचच्या आत कचेरीत पोचायचा होता. नाही पोचला तर सोमवारी बाबा कामावर रुजू होणार होते.

बाबा पाणी शुद्धीकरण केंद्रात पॅनल ऑपरेटर होते, एकतीस वर्षं. चार महिन्यांपूर्वी त्यांना मेंदूचा झटका आला. डावा हात सुधारला, डावा पाय सुधारला, बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं झालं. डॉक्टर म्हणाले, शरीर कामाला तयार आहे. लक्ष कुठे कमी पडतं का, ते घरच्यांनीच रोजच्या व्यवहारात बघा. आईने तेवढंच वाक्य धरलं. बाबांना चुकून चहात दोनदा साखर घालताना तिने पाहिलं होतं. बाबांचं म्हणणं, साखर मी झटक्याच्या आधीही दोनदा घालायचो, फक्त तेव्हा तू बघत नव्हतीस. आठवडाभर घरात हाच विषय होता, आणि शेवटी आईने एकदाच स्पष्ट सांगितलं, "चूक झाली तर आपल्या घरचा नळ नाही, अख्ख्या गावाचे नळ आहेत."

मग मी चाचणी सुचवली.

मी नववीत असल्यापासून बाबा आणि मी हा खेळ खेळतो. एकाच लॅपटॉपवर, आळीपाळीने. शहरं वसवायची, शेती आणि कर सांभाळायचे, राज्य कोणत्या पद्धतीने चालवायचं ते ठरवायचं. नकाशा आम्ही सर्वांत लहान घेतो, एका पडद्यात पूर्ण मावणारा. ठरलं असं: चाळीस खेळ्या, मी पूर्ण ताकदीने खेळणार. चूक म्हणजे काय, ते आधीच लिहून ठेवलं. शहराला किंवा माणसाला हुकूम न देता खेळी संपवणं, कोठारातलं धान्य शून्य होऊ देणं, तिजोरी शून्याखाली जाऊ देणं. तीन चुका झाल्या तर बाबा अर्जावर सही करतील. तीनपेक्षा कमी असतील तर आई तो फाडेल. खाली तिघांच्या सह्या होत्या. मी घड्याळ धरून बाबांच्या उजव्या हाताला बसले होते. सूचना द्यायची नाही, हा नियम बाबांनीच घालून दिला.

बाबांनी आपल्या शहरांना केंद्रातली नावं दिली होती: उपसा, गाळणी, टाकी, तुरटी, झडप, नळ. पहिली चूक नवव्या खेळीत झाली. उपसा शहराच्या धक्क्यावर एक नाव तीन खेळ्या नुसती उभी राहिली. दुसरी एकोणिसाव्या खेळीत. उपसालाच काम नेमून द्यायचं राहिलं. मी सांगितल्यावर त्यांनी तिथे बाजारपेठ बांधायला लावली. लांबलचक काम होतं, पुढच्या वीस खेळ्या त्या शहराला काही विचारायची गरज नव्हती. उपसा लहान आणि आडबाजूचं शहर आहे म्हणून विसरले, असं मी शेऱ्यात लिहिलं.

दुसऱ्या चुकीनंतर बाबांनी एक सवय लावून घेतली. पॅनल ऑपरेटर पाळी सोडण्यापूर्वी प्रत्येक काट्यावर बोट टेकवतो, डावीकडून उजवीकडे, आणि आकडा मनात म्हणतो. त्याला ते फेरी म्हणत. आता दर खेळी संपवण्याआधी ते पडद्यावर तशी फेरी मारू लागले. बोट टेकायचं, ओठ हलायचे, पुढचं शहर. सव्विसावी, सत्ताविसावी, अठ्ठाविसावी खेळी अशाच सुरळीत गेल्या. त्यांनी सैनिक सरहद्दीच्या आत बोलावून घेतले, कर कमी केला, कोठारं भरली. मला वाटलं, घाबरून दारं लावून घेताहेत.

एकोणतिसाव्या खेळीत त्यांनी राजेशाही मोडली.

खेळात राज्यपद्धत बदलता येते, पण जुनी मोडून नवी उभी राहीपर्यंत तीन खेळ्या अंदाधुंदी असते. कर बंद, बांधकाम बंद, खर्च मात्र चालू. तोपर्यंत बाबांची तिजोरी शहाण्णव नाण्यांवर आली होती. खर्च दर खेळीला सदतीस. तीन खेळ्यांचे एकशे अकरा. म्हणजे उणे पंधरा. माझे पाच घोडेस्वार नदीवर उभे असताना कोणी शुद्धीतला माणूस हे करणार नाही, असं मला वाटलं, आणि मी वहीत तिसरी चूक लिहिली.

आई खिडकीपाशी शर्टाला बटणं लावत बसली होती. तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तीनचा आकडा तिने लांबून वाचला. उठून आली, दुसऱ्या पेनाचं टोपण काढलं आणि फोल्डर बाबांपुढे सरकवला.

बाबांनी फोल्डरकडे पाहिलंही नाही. "तिजोरीत किती आहेत?" त्यांनी मला विचारलं.

एकोणसाठ, मी म्हणाले.

"शून्याखाली आहेत का?"

"नाही, पण दोन खेळ्यांनी जाणारच."

"गेल्यावर लिही. लॉगबुकात न झालेलं लिहायचं नसतं. आडवी रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही कर."

ते बरोबर होते. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाला शिकवतात तेच मी विसरले होते. अंदाज मोजमापाच्या रकान्यात लिहिला होता. मी रेघ मारली, सही केली. आईने टोपण लावलं, पण पेन हातातच ठेवलं आणि परत बटणांकडे गेली नाही.

मी झडपवर हल्ला केला. बाबांनी तिथले तीन सैनिक त्याच खेळीत बरखास्त करून टाकले आणि शहर मला सोडून दिलं. खर्च सदतीसवरून अठ्ठावीसवर आला. पुढच्या खेळीला तिजोरीत एकतीस नाणी उरली, त्याच्या पुढच्या खेळीला तीन. बाकीच्या पाच शहरांच्या भिंती आधीच बांधून झाल्या होत्या आणि कोठारं भरलेली होती. माझे घोडेस्वार बाहेर थांबून उपाशी मेले. बत्तिसाव्या खेळीत प्रजासत्ताक उभं राहिलं, व्यापार सुरू झाला, आणि पूर्वी खर्च जाऊन खेळीला जेमतेम सात नाणी वाचत होती तिथे एकतीस वाचू लागली.

आईने विचारलं, हे काय झालं. बाबा म्हणाले, गाळणी धुतली. गाळणी तुंबायच्या आधीच ती बंद करून उलटं पाणी सोडतात. तेवढा वेळ त्या गाळणीतून थेंब मिळत नाही, म्हणून टाकी आधी भरून ठेवायची. "नवीन पोरं गाळणी तुंबायची वाट बघतात," ते माझ्याकडे बघत म्हणाले.

"आणि राज्यात बायको विचारते त्याचं उत्तर कधी एका वाक्यात मिळत नाही," आई म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा ती त्यांना चिडवत होती. अर्जावर तिने पाण्याचा तांब्या ठेवला.

तेहेतीस ते छत्तीस या चार खेळ्यांत बाबांनी मला धुऊन काढलं. टाकी आणि तुरटीमधलं जादा धान्य विकून रस्ते बांधले, नळला बंदर केलं, झडप नाणी मोजून परत घेतलं. दर खेळीला सरासरी एक मिनिट पन्नास सेकंद. महिन्याभरापूर्वी तेच चार मिनिटांच्या वर जायचं. दर खेळीला फेरी चुकत नव्हती.

सदतिसाव्या खेळीत मला उपसाच्या नावाखाली पिवळी खूण दिसली. कोठारात चार पोती. धान्य विकायचा हुकूम बाबांनी टाकी-तुरटीपुरता न ठेवता सगळ्या शहरांना एकदम दिला होता, आणि उपसाची शेती लहान होती. हुकूम त्या एका शहरापुरता मागे घेतला की काम झालं. माऊसच्या दोन टिचक्या.

बाबांनी फेरी मारली. बोट टेकलं, ओठ हलले. खेळी संपली.

अडतिसाव्या खेळीत दोन पोती. मी आईकडे पाहिलं नाही. माझी खेळी मी मुद्दाम लांबवली, माऊस त्या बाजूला नेला, आणि ही सूचना झाली हे लक्षात आल्यावर परत आणला. बाबांनी फेरी मारली. खेळी संपली. वेळ एक मिनिट बेचाळीस सेकंद, आतापर्यंतची सर्वांत कमी.

एकोणचाळिसाव्या खेळीत खूण लाल झाली. कोठारात शून्य.

ते फक्त मला कळत होतं. आईला नकाशा कळत नव्हता. बाबा माझ्यापेक्षा तीस गुणांनी पुढे होते आणि हलकेच काहीतरी गुणगुणत होते. मी वेळ लिहिली, एक एक्केचाळीस. चुकांच्या रकान्यावर पेन टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पडला.

"पेन का थांबलं?" बाबांनी विचारलं.

मी वहीवर तळवा ठेवला.

"काय आहे?"

"बाबा, डावीकडे बघा."

त्यांनी डोळे फिरवले. मग झटक्यानंतर सुरुवातीला फिजिओथेरपिस्टने डावी बाजू बघायला शिकवलं होतं तशी हनुवटी खांद्याकडे नेत पूर्ण मान वळवली. उपसा आणि त्याखालची लाल खूण त्यांना तेव्हा दिसली. गुणगुणणं थांबलं.

"कधीपासून?"

"तीन खेळ्या."

"मी फेरी मारली होती."

"हो. तिन्ही वेळा मारलीत."

आई म्हणाली, एवढंसं गाव आहे, त्याचं काय एवढं. ती त्यांची बाजू घेत होती, आणि त्यामुळे मला तिच्याकडे बघवेना.

"क्लोरीनचा काटा," बाबा तिला म्हणाले, "पॅनलच्या डाव्या टोकाला असतो." मग माझ्याकडे वळले. "लिही."

मी लिहिलं. त्यांनी वही ओढून आकडा तपासला आणि परत दिली. तांब्या उचलून बाजूला ठेवला, त्याचं ओलं वर्तुळ फोल्डरवरून बाहीने पुसलं. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला, तर म्हणाले, चाळीस ठरल्या होत्या, चाळीस खेळायच्या. शेवटची खेळी त्यांनी पडद्याला बोट न लावता, मान वळवून वळवून खेळली. तिला सहा मिनिटं लागली. आधी उपसाला धान्य पाठवलं.

अर्जावर सही करताना आईने कागद धरून ठेवला. तीन पन्नासला दोघं निघाले. जिन्यात आई त्यांच्या डाव्या बाजूने चालत होती.

खिडकीतून तिरकं ऊन पडद्यावर येत होतं. लॅपटॉप मिटताना त्यावर बाबांच्या बोटांचे ठसे दिसले, एकावर एक, एका ओळीत, उजव्या कडेपर्यंत गेलेले. मी पट्टी आणली आणि वहीत शेवटची नोंद केली.

खेळ्या चाळीस. गुण: बाबा चारशे बारा, मी तीनशे सत्त्याहत्तर. चुका तीन. पडद्याची रुंदी चौतीस पूर्णांक चार सेंटिमीटर. डाव्या कडेपासून उपसा शहर तीन पूर्णांक आठ सेंटिमीटरवर. डाव्या कडेपासून पहिला ठसा सहा पूर्णांक पाच सेंटिमीटरवर.