माणूस चुकला

लालासाहेबाच्या प्लॉटिंगच्या कमानीवर ‘पिनांग नगर’ असं ठळक नाव आहे. खाली देऊळ, पॅगोडा, चर्च आणि मशीद अशी रंगीत चित्रं. मशिदीचा मिनार तिरका आलाय, पण आलाय हेच नवल.

चाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं कवठे महांकाळहून समुद्रापलीकडच्या त्या पिनांग बेटावर गेलो. तो गलाईवाला, जुनं सोनं आटवून शुद्ध करणारा. मी झारेकरी, सोनारांच्या दुकानातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारा. पिनांग म्हणजे दोनशे वर्षांचं बंदर. शिडाची जहाजं लावून वारा फिरायची वाट बघत थांबलेले व्यापारी कायमचे तिथलेच झाले. चिनी, तमिळ, अरब, आर्मेनियन, कोण नव्हतं! एकाच रस्त्यावर चर्च, चिनी देवी, तमिळांची मारीअम्मन देवी आणि मशीद. भांडणं तिथंही व्हायची, पण दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायची.

आम्हाला खोली मात्र कुणी देईना. शेवटी मशिदीच्या चाळीत मिळाली, ती चाळीचा हिशेब बघणाऱ्या मुन्शीच्या चुकीनं. त्यानं अर्जावर ‘लालासाहेब’ वाचलं आणि माझ्यासारखंच गड्यालाही मुसलमान समजला. आमच्याकडं पाटलाच्या पोराचंही नाव लालासाहेब असतं, हे त्या तमिळ माणसाला काय ठाऊक! मी तोंड शिवून बसलो. तिसऱ्या महिन्यात लालानं खोलीत गणपती बसवला आणि बिंग फुटलं. मुन्शीपुढं हात मी जोडले. तो हसला. “नाम गलत निकला, आदमी नहीं,” म्हणाला. त्या खोलीत लाला बावीस वर्षं राहिला. इथली जमीन त्याच कमाईतली.

गेल्या आठवड्यात मी माझ्या अफसानासाठी त्या जमिनीतला एक प्लॉट हप्त्यानं मागितला. नवरा गेलेली पोर, शिलाईवर दोन लेकरं वाढवते. घरमालकानं महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीय. लालाचा मुलगा धैर्यशील माझ्याकडं न बघताच म्हणाला, “चाचा, सगळं बुक झालंय.” बाहेर ‘प्लॉट विकणे आहे’चा बोर्ड तसाच होता. लाला म्हणाला, “रविवारी उद्घाटन हाय, तवा बघू.”

रविवारी त्यानं मला स्टेजवर बसवलं. माइकवर मुन्शीची गोष्ट सांगितली, चांगली तिखटमीठ लावून. लोक पोट धरून हसले. “असा भाईचारा पायजे!” म्हणत त्यानं मला शाल पांघरली. टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, आता बोलेल. तो नारळ देऊन मोकळा झाला.

खाली उतरल्यावर मीच विचारलं, “लाला, अफसानाचं काय?”

“माझं काय चालतंय रं आता? पोरगं म्हणतंय, यादीत तसलं एक नाव दिसलं की बाकीची गिऱ्हाईकं उठत्यात.”

“यादीवर पयलं नाव मालकाचं हाय. लालासाहेब. त्ये बघून कोण उठत न्हाई व्हय?”

तो हसला नाही. माझ्या खांद्यावरची शाल नीट केली आणि म्हणाला, “चा घेऊन जा.”

शाल त्याच्या तोंडावर फेकायला हवी होती. फेकली नाही, याचा राग मला अजून आहे.

अफसाना कमानीखाली उन्हात उभी होती. “अब्बा, लागलं का यादीत?”

“न्हाई.”

“नावात काय चूक झाली व्हय?”

“नाव बराबर हाय, बेटा,” मी म्हटलं. “माणूस चुकला.”