शेंदूर लावलेली वाफेची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, पोट फाटलेली वाफेची गाडी आहे. हसू नका. घोडे न जुंपता रस्त्यावर धावलेल्या पहिल्यावहिल्या गाड्यांपैकी एकीची मी हातभर लांबीची प्रतिकृती. दौंडच्या रेल्वे शेडमधल्या फिटर चांदभाईंनी चित्र बघून, तांब्याचा पत्रा ठोकून मला घडवलं. माझ्या माथ्यावर त्यांनी एक बारीक भोक ठेवलं. जास्त झालेली वाफ तिथून निसटायची. त्या भोकावर माझा जीव अवलंबून होता, आणि माझ्याजवळ उभ्या राहणाऱ्यांचाही.

वरवंडच्या बापूसाहेबांनी मला हौसेनं घरी आणलं. सणावाराला चांदभाई यायचे, खाली स्पिरिटचा दिवा पेटवायचे. माथ्यावरून सुस्कारा ऐकू आला की मगच चाकं मोकळी करायची, ही त्यांची रीत. मी ओसरीभर पळायचे आणि कौतुकानं फुगून जायचे, खोटं कशाला बोलू!

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या खंडेनवमीला बापूसाहेबांच्या पत्नी तुळजाबाईंनी विळ्या-कोयत्यांबरोबर मलाही पुजलं. तेलात कालवलेला शेंदूर नेमका माझ्या माथ्यावर थापला. दुसऱ्या दिवसापर्यंत तो भोकात वाळून घट्ट बसला. मला भीती वाटू लागली, पण सांगणार कुणाला?

दसऱ्याला सोनं द्यायला माणसं जमली. चांदभाई आले, सोबत त्यांची लहानगी बानू. शेंदूर पाहून त्यांचा हात पुढं आला आणि थबकला. शेडमध्ये नळांचे सांधे बुजवायला ते शेंदूरच वापरत. त्यांना कळत नव्हतं थोडंच! पण दुसऱ्याची पूजा पुसायची कशी?

"काय झालं, चांदभाई?" बापूसाहेबांनी विचारलं.

"काय न्हाई, साहेब. जाळ बारीकच ठिवतो."

दिवा पेटला. पाणी खदखदलं. सगळे कान देऊन उभे राहिले. सुस्कारा आला नाही. माझं पोट ताणत चाललं. बानू वाकून बघू लागली.

"बानू, मागं हो!" चांदभाईंनी तिला ढकललं आणि दिवा काढायला ते स्वतः वाकले. तेवढ्यात मी फुटले.

बानू वाचली. चांदभाईंचा उजवा डोळा गेला.

पुढं ते भेटायला आले, तेव्हा तुळजाबाईंना रडू आवरेना. "आवं, सांगायचं तरी! म्या पदरानं पुसला असता की."

"पूजेचं व्हतं, वैनी. कसं म्हणावं त्येच सुचंना."

तेव्हापासून मी फडताळात पडून आहे. खंडेनवमीला तुळजाबाई मला कोरड्या फडक्यानं पुसतात आणि बाजूला एक फूल ठेवतात. मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण त्याचा श्वास कोंडू नका. आणि भिडेपोटी गप्प राहू नका. त्या दिवशी मला तोंड नव्हतं. चांदभाईंना होतं, आणि तुळजाबाई दारातच उभ्या होत्या.