शेजारच्याची प्लेट

तिखटताईला ओळखत नाही असं एकही हॉटेल शहरात उरलं नव्हतं. हॉटेलांच्या जेवणावरच्या, पेपरातल्या तिच्या सदराने किती मालकांची झोप उडवली होती! ती दारात दिसली की आत धावपळ. तिच्या प्लेटमध्ये माशाचा मधला तुकडा, ताजा गरम पाव, वर मॅनेजरचं गोडगोड बोलणं. आता असलं जेवून लिहायचं म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणंच की! म्हणून तिने एक खोड लावून घेतली होती. प्लेट आली की ती उचलून शेजारच्या टेबलावर जायची. "अदलाबदल करता का? तुमचं मला द्या."

धाकट्या भावाच्या नव्या हॉटेलातही तिने तेच केलं. भावाने स्वतः उभं राहून तळून घेतलेला मासा शेजारच्या आजोबांना गेला आणि आजोबांचा तिच्याकडे आला. बाहेरून करपलेला, आत गार, वासावरून कालचा. सख्खा भाऊ होता हो! तरी तिने दोन्ही मासे जसेच्या तसे लिहिले.

संपादक चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा भाऊ आपल्या पेपराचा मोठा जाहिरातदार आहे. उद्या दुपारी त्याला फोन करतो. त्याची हरकत असेल तर लेखही नाही आणि सदरही नाही."

सदर म्हणजे तिचा जीव की प्राण. तरी ती म्हणाली, "एक अक्षर बदलणार नाही. काय करायचं ते करा."

मग घरी जाऊन रडत बसली? छे! दुसऱ्या दिवशी भर गर्दीत ती लेख घेऊन भावाच्या हॉटेलात हजर.

"ताई, बहीण असून माझ्या पोटावर पाय देतेस?" लेख वाचून भाऊ कडाडला.

"स्वयंपाकघरातून बाहेर कुठली प्लेट जाते, ते बघितलंस कधी?"

"मी रोज इथेच जेवतो!"

"मालक म्हणून जेवतोस, बाळा." तिने वेटरच्या हातातली, कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघालेली प्लेट घेतली आणि भावापुढे आदळली. "हे खा."

"अहो, माझा मासा!" कोपऱ्यातला माणूस ओरडला.

"तुमच्यावर उपकारच करतेय," ती म्हणाली.

सगळं हॉटेल बघत होतं. भावाने रागारागाने घास घेतला. चावला. मग चावायचा थांबला. थुंकता येईना, गिळता येईना. शेवटी त्याने तोंडाला रुमाल लावला.

तेवढ्यात फोन वाजला. संपादकच. भाऊ बराच वेळ ऐकत राहिला, डोळे बहिणीवर रोखलेले.

"छापा," तो म्हणाला. "आणि खाली लिहा, मालकालाही घास गिळवला नाही." फोन आपटून तो बहिणीवर खेकसला, "झालं समाधान? आता चालती हो इथून!"

"जाते," तिखटताईने पर्स उचलली. "पुढच्या महिन्यात परत येते. आणि खाईन शेजारच्याचंच."