खरी बौद्ध पाहुणी

जपानची एक मुलगी वर्षभर आमच्या घरी राहायला येणार, हे कळल्यावर मला पहिली काळजी पडली ती माझ्या खाटेची. घरात खाटा दोनच, एक आजीची आणि एक माझी. आजीच्या खाटेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. म्हणजे जाणार होती ती माझीच, आणि ती गेलीच.

साल त्रेसष्टचं. मी, मैना, तेव्हा दहावीत होते. अमरावतीला राजापेठेत दोन खोल्या आणि मागची पडवी एवढ्या भाड्याच्या जागेत आम्ही राहायचो. बाबा, म्हणजे देवराव मास्तर, हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. परदेशातली शाळकरी मुलं इथल्या घरांत ठेवायची आणि इथल्याच शाळेत घालायची, अशी एक योजना त्या वर्षी निघाली होती. तिच्या आमच्याकडच्या समितीचे चिटणीस होते भगवंतराव, बाबांच्याच शाळेत इतिहास शिकवणारे. गावाकडे त्यांची काळी जमीन भरपूर, आणि जीभही तेवढीच मोकळी. त्यांच्याकडे फुमिको नावाच्या मुलीचा अर्ज आला. धर्माच्या रकान्यात लिहिलं होतं, बौद्ध.

"देवराव, ही पाहुनी तुमचीच," ते बाबांना म्हणाले. "पन जरा सांभाळून बरं. ते लोक हजार-दीड हजार वर्षांपासून बौद्ध. तुमाले अजून सात वर्षं नाही झाली. पोट्टीनं परीक्षा घेतली तं नापास नका होऊ!"

बाबा तिथे हसले. घरी आल्यावर मात्र महिनाभर हसले नाहीत.

नागपूरला दीक्षा घेऊन आलो तेव्हापासून लोक आम्हाला 'नवे बौद्ध' म्हणत, आणि म्हणताना 'नवे' या शब्दावर मुद्दाम जोर देत. बाबांना तो जोर फार खुपायचा. आता अस्सल बौद्ध घरातली मुलगी आपल्या घरात राहणार, आपलं उठणं-बसणं बघणार, आणि परत जाऊन सांगणार की हे लोक खरे की नुसते नावाचे. बाबांच्या डोक्यात हे असं काही बसलं की निघेचना. त्यांनी घराची शाळाच करून टाकली. पहाटे साडेपाचला सगळ्यांनी मिळून वंदना. मटण बंद. सुके बोंबीलसुद्धा बंद, कारण खरा बौद्ध प्राणिहत्या करत नाही. माझ्या आईने, जाईबाईने, बोंबलांचा डबा मुकाट्याने पडवीत लाकडांमागे ठेवून दिला. तिचं माहेर तेल्हाऱ्याकडचं. बोंबलाची चटणी आणि ज्वारीची भाकर नसेल तर तिला जेवल्यासारखं वाटायचं नाही.

पण सगळ्यात मोठी अडचण होती आजीची.

माझी आजी, भागीरथा, जातं सोडायला तयार नव्हती. चार पावलांवर पिठाची गिरणी होती, पण आजीच्या मते गिरणीचं पीठ मेलेलं असतं. दीक्षेआधी दळताना ती ओव्या म्हणायची. दीक्षेनंतर त्याच चालीत त्रिशरण आणि पंचशील म्हणायला लागली. पहाटे पडवीतून खणखणीत आवाजात तिची वंदना सुरू झाली की गल्लीतले लोक त्यावर घड्याळ लावायचे. सवय अशी पडलेली की सकाळी सगळ्यांबरोबर बसली तरी तिची चाल तीच, आणि उजवा हात मांडीवर गोल फिरत असायचा.

"माय," बाबा म्हणाले, "पाहुनी हाय तोवर तू मनातल्या मनात म्हन."

"काहून?"

"वंदनेची एक रीत असते. जात्यावरच्या गान्यावानी म्हटली तं लोक हासतीन."

आजीने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं बापा." तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून पडवीत फक्त जात्याची घरघर ऐकू यायला लागली. मला तेव्हा ते बरंच वाटलं, साडेपाचपर्यंतची झोप मिळाली. पंधरा वर्षांची मुलगी किती मूर्ख असू शकते याचा तो पुरावा समजा.

जुलैमध्ये फुमिको आली. निगाता नावाच्या समुद्राकाठच्या शहरातली, वडलांचं घड्याळांचं दुकान. माझ्याएवढीच, पण नीटनेटकी इतकी की मला पहिल्या दिवशीच राग आला. आमच्या दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे बोलणं छान जमायचं. पहाटे वंदनेला ती ताठ बसायची, डोळे मिटायची, आणि तिचे ओठ अगदी हळू हलायचे. आवाज नाही.

"पाहा," बाबा मला म्हणाले, "याला म्हणतात संस्कार! नाहीतर तू. एक डोळा उघडा ठेवून बसतेस."

एक डोळा उघडा होता म्हणूनच मला काहीतरी वेगळं दिसायचं. ओठ हलत होते, पण ते आमच्या शब्दांच्या पुढेमागे कसेही हलत होते. बाबांना कोण सांगणार?

बोंबलांचं बिंग महिन्याभरातच फुटलं. फुमिको लाकडं आणायला पडवीत गेली आणि तिथेच थांबली. आईने जाऊन पाहिलं तर डबा उघडा आणि ही डोळे मिटून वास घेत उभी. तिच्या घरी सुके मासे रोजचे होते. आईने तव्यावर दोन भाजून दिले आणि ती खाताना चक्क रडली. बाबा शाळेतून आल्यावर आईने सगळं सांगितलं. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "त्यांच्याकडे थंडी फार. चालत असन." दुसऱ्या दिवशी त्यांनीही चटणी मागून घेतली. पण बाकीची शाळा चालूच राहिली, आणि आजीचं तोंडही बंदच राहिलं.

सप्टेंबरात अकोल्याहून बाबांचे स्नेही पुंजाराम आले. दसऱ्याला ज्यांना नागपूरला जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी ते पुढच्या रविवारी अकोल्याला मोठा मेळावा भरवायचे. त्यांनी फुमिकोला वंदना करताना पाहिलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "मास्तर, यंदा त्रिशरण-पंचशील हेच पोरगी सांगन, आन् आमी सारे तिच्या मागून म्हनू. तुमचं भाषन त्याच्यानंतर."

बाबांनी लगेच होकार दिला. तिला विचारलंसुद्धा नाही. आठ दिवसांत पत्रकं छापून आली. भगवंतरावांनी एक वाचलं आणि समितीतर्फे स्वतः यायचं ठरवलं. बाबा अकरा पानी भाषण लिहायला बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पुढे मी मास्तरकीची बी.टी. परीक्षा पास झाले तेव्हाही दिसला नाही.

मी ते पत्रक फुमिकोला इंग्रजीत समजावून सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. दोन दिवस ती नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला पडवीत ओढून नेलं आणि सगळं सांगून टाकलं. तिच्या घरी कुणी वारलं किंवा वर्षश्राद्ध असलं की भिक्खू येतात आणि सगळं पठण तेच करतात. घरचे मागे बसून ऐकतात. तिला तर मुंग्या आलेले पाय तेवढे आठवायचे. आमची पाली वंदना तिने जन्मात ऐकली नव्हती. पहिल्या पहाटे बाबांनी तिच्याकडे इतक्या आदराने पाहिलं की तिला खरं सांगता येईना, आणि मग रोज ते आणखी अवघड होत गेलं.

"तुझ्या वडिलांना कळलं तर ते मला दुसऱ्या घरी पाठवतील," ती म्हणाली. "मला जायचं नाही."

माझी खाट परत मिळायची एवढी नामी संधी पुन्हा आली नसती. पण मला तिची दया आली, आणि बाबांचीही. अकोल्याच्या भर मंडपात, भगवंतरावांच्या डोळ्यांदेखत, ही मुलगी माइकसमोर मुकी उभी राहणार होती. मग बाबांना तोंड लपवायला वऱ्हाडात जागा उरली नसती.

आजी तिथेच डाळ भरडत होती. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता.

"तिले येत नाही ना?" ती म्हणाली.

मी दचकले. "तुला कसं कळलं?"

"मले पयल्याच दिवशी समजलं. जिले येते तिचं पोट हालते. हिचे निस्ते ओठ हालून राहिले. म्या म्हटलं, माह्यावानीच हाय बिचारी." आजीने जात्यावरची डाळ बाजूला केली. "बस म्हना तिले समोर. धर म्हना खुटा."

मग पंधरा-वीस दिवस रोज शाळेतून आल्यावर जात्याचा खुटा दोघींच्या हातात. आजी हळू आवाजात एक ओळ म्हणायची, फुमिको ती उचलायची. मधेच आजी तिचं आखडलेलं मनगट सैल करायची, पाठ थोपटायची, हसायची. मी आजीला विचारलं, हे तू अशा चालीत का बसवलंस? तर म्हणाली, "मले वाचता कुठं येते, बाई? नागपुरातून आलो तं चार शब्द ध्यानात होते. बाकीचं शेजारच्या पोरीनं वाचून दाखोलं. जात्यावर बसोलं तवा ते पोटात राह्यलं." बाबा घरी यायच्या आत दोघी गप्प व्हायच्या. एवढ्या वर्षांची बाई स्वतःच्या घरात चोरून वंदना म्हणते, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. रागही आला, आणि तो बाबांचाच आला.

बडनेऱ्याहून पॅसेंजरने आम्ही अकोल्याला गेलो. मंडप तुडुंब भरला होता. तेल्हारा, अकोट, बाळापूर, कुठून कुठून माणसं आली होती. बाया एका बाजूला, पांढऱ्या लुगड्यांत. पहिल्या रांगेत खुर्चीवर भगवंतराव. फुमिकोने आईचं पांढरं पातळ नेसलं होतं. पुंजारामांनी तिचं नाव घेतलं आणि ती माइकसमोर जाऊन उभी राहिली.

आणि तशीच उभी राहिली.

मंडपात कुजबुज सुरू झाली. मंचावर बसलेले बाबा भाषणाचे कागद पुन्हा पुन्हा चाळताना मला खालून दिसले. मग फुमिकोने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि बोलायला लागली, इंग्रजीत नाही, आजीजवळ बसून शिकलेल्या वऱ्हाडीत.

"मले एकटीले येत नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी भिक्खू म्हनते, आमी आयकतो. मले माफ करा. मले आजीनं शिकवलं. आजी, तू ये."

भगवंतराव खुर्चीत पुढे सरकले. आजी बायांमधून उठली, दोन पावलं चालली आणि थांबली. ती बाबांकडे पाहत होती. गप्प बस म्हणून त्यांनीच सांगितलेलं होतं, आणि त्यांच्यासमोर आजीने ते एकदाही मोडलेलं नव्हतं. सगळा मंडप बाबांकडे पाहायला लागला. मी मनातल्या मनात त्यांना म्हटलं, बाबा, आता भगवंतरावांकडे पाहू नका.

बाबांनी कागद खुर्चीवर ठेवले. पायऱ्या उतरून खाली आले, आजीचा हात धरला आणि तिला वर घेऊन गेले.

आजीला उभ्याने काही म्हणता येत नव्हतं. ती सरळ खाली बसली. पुंजारामांनी धावत येऊन माइकची दांडी खाली केली. फुमिको तिच्यासमोर बसली, जात्यापाशी बसायची तशी. आजीने डोळे मिटले, उजवा हात गोल फिरायला लागला आणि तीन महिने कोंडलेला तो आवाज निघाला. पहिली ओळ आजी आणि फुमिकोची. दुसऱ्या ओळीला तेल्हाऱ्याकडच्या बाया मिळाल्या. त्यांना ती चाल शिकवावी लागली नाही, ती त्यांच्या हातात होती. मग सगळ्या बाया, मग पुरुष. एवढ्या माणसांनी एकदम म्हटलेलं पंचशील मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. हसलं कुणीच नाही. भगवंतराव उठून उभे राहिले होते आणि त्यांनी हात जोडले होते. मी रडत होते, आई रडत होती. आमच्या आजूबाजूच्या बायांचे हात मांडीवर गोल फिरत होते.

वंदना संपली. पुंजारामांनी बाबांना भाषणाला बोलावलं. बाबांनी कागद घेतले नाहीत.

"मी आज भाषन करत नाही," ते म्हणाले. "ह्या पोरीसमोर आपलं हसं होईन म्हनून म्या माह्या मायले तीन महिने घरात गप बसोलं. घरातली सगळ्यात खरी बौद्ध तेच होती, आन् मले ते दिसलं नाही. पोरगी खरं बोलली. म्या..."

त्यांनी बाहीने डोळे पुसले. आजी अजून माइकपाशीच बसलेली होती.

"झालं ते झालं," ती म्हणाली, आणि ते भोंग्यातून पार रस्त्यापर्यंत गेलं. "बस आता खाली. पोरगी सकायपासून उपाशी हाय."

मंडपात एकच हशा पिकला. आणि आमचे देवराव मास्तर, अख्ख्या अकोल्यासमोर, स्वतःच्या मायशेजारी मुकाट्याने खाली बसले.